शिक्षकांना शिकविणारे डॉक्टर : यानुश कोर्चाक

लहान मुलांना कोणीही सांभाळू शकते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. महाविद्यालयात शिकवायचे तर पदवी लागते, कचेरीत बसायचे तर परीक्षा द्यावी लागते, मोटार हाकायची तर परवाना काढावा लागतो. परंतु तीन-चार वर्षांच्या वीस-पंचवीस मुलांपुढे कोणालाही उभे केले तरी चालते, असे पुष्कळांना वाटते. बालवाडीत काम करणाऱ्या भगिनींना हे नव्याने सांगायला नको. मुलांना सांभाळणाराला आधी स्वतः शिकावे लागते आणि ते शिकणे जन्मभर संपत नाही, ही गोष्ट ज्या एका माणसाने आपल्या चुकांतून ओळखली, इतरांना शिकविली आणि शेवटी प्राण देऊन पाळली, त्याचे चरित्र वाचक भगिनींपुढे ठेवीत आहे. त्या थोर पुरुषाचे नाव डॉ. यानुश कोर्चाक.

पोलंड देशातील वॉर्सा शहरी एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तो भाग त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही, त्यामुळे जन्मसाल १८७८ की १८७९ हे खुद्द त्यांनाही नक्की सांगता येत नसे. ज्यू लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते आपल्या कोकणातील बेने इस्रायल याच धर्माचे. कोकणात या लोकांना कोणी त्रास दिला नाही. पोलंडमध्ये मात्र ज्यूंच्या वाट्याला हेटाळणी नेहमीचीच होती, आणि तीही वॉर्सासारख्या शहरात, जेथे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तीन माणसांमागे जवळजवळ एक ज्यू होता.

त्यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. वडील नाणावलेले वकील होते. परंतु हेन्रिक शाळेत असतानाच त्यांना वेडाचे झटके येऊ लागले. औषधोपचारात घरातील पैसा गेला, चीजवस्तू गहाण पडल्या, आणि १८९६ साली वडील वारले. आई आणि बहीण यांचा भार या मुलावर आला. श्रीमंतांच्या घरी शिकवण्या करून तो घर चालवू लागला. शिकविण्याशी त्यांचा पहिला संबंध आला तो असा, पोटासाठी. १८९८ साली एका नाट्यलेखनाच्या स्पर्धेसाठी त्यांनी जुन्या पोलिश कादंबरीतील एका पात्राचे नाव टोपणनाव म्हणून घेतले. तेच यानुश कोर्चाक हे नाव पुढे जगाला ठाऊक झाले.

त्याच वर्षी त्यांनी वैद्यकीचा अभ्यास सुरू केला. १९०५ साली ते डॉक्टर झाले आणि वॉर्सातील ज्यू मुलांच्या एका रुग्णालयात काम करू लागले. मध्यंतरी रशिया-जपान युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांना दूर पूर्वेकडे जावे लागले. परत आल्यावर त्यांचा चांगला जम बसला. पुस्तकांमुळे नाव झालेले होते. धनिकांकडून भरपूर फी घ्यावी आणि गरिबांच्या मुलांना फुकट तपासावे, असा त्यांचा रिवाज होता.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. शहरातील गरीब ज्यू मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे खेड्यातील मोकळ्या हवेत नेत असत. अशा एका छावणीत तीसएक मुले कोर्चाक यांच्या हवाली झाली. त्यांनी मोठ्या हौसेने खेळ आणि करमणुकीची साधने जमविली. मुले आपल्यावर प्रेम करतील आणि दिवस मजेत जातील, अशी त्यांची खात्री होती. परंतु कोणी कोठे जेवायला बसायचे, कोणाची खाट कोणती, असल्या साध्या गोष्टींचा त्यांनी विचारच केला नव्हता. पहिल्याच दिवशी गोंधळ माजला. रात्री दिवे मालवल्यावर शिट्ट्या आणि आरडाओरड सुरू झाली. मुलांवर कधी हात न उगारण्याच्या गोष्टी बोलणारे डॉक्टर रागाने लाल झाले, त्यांनी एका मुलाचा कान धरला आणि त्याला बाहेर कुत्र्याच्या तोंडी देण्याची धमकी दिली.

दुसरा एखादा असता तर मुलेच वाईट निघाली असे म्हणून मोकळा झाला असता. कोर्चाक यांनी दोष स्वतःकडे घेतला. ते मुलांबरोबर रानात बसले आणि त्यांच्याशी बोलले. आजवर आपण मुलांना उद्देशून बोलत होतो, मुलांशी बोलत नव्हतो, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले. तीस मुले ही एक शक्ती आहे, ती आपल्या बाजूला वळवायची तर तिचे मत विचारले पाहिजे, हा धडा त्यांनी घेतला. पुढे ही सारी फजिती त्यांनी आपल्या ग्रंथात काही न लपविता लिहून ठेवली. कारण तरुण शिक्षकांना गुरूच्या यशापेक्षा गुरूच्या चुका अधिक उपयोगी पडतात, असे त्यांचे मत होते.

रुग्णालयात त्यांना एक गोष्ट सतत टोचत असे. औषधाने मुलाचा ताप उतरतो, पण ते मूल पुन्हा त्याच ओलसर खोलीत आणि त्याच उपासमारीत परत जाते. मुलाचे शरीर बरे करावे आणि त्याचे सगळे जीवन तसेच सोडून द्यावे, हे त्यांच्या मनाला पटेना. १९१२ साली ज्यू अनाथ मुलांसाठी वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर नवे अनाथगृह उघडले, तेव्हा रुग्णालयातील नोकरी सोडून कोर्चाक त्याचे प्रमुख झाले. त्यांनी लग्न केले नाही. शंभराच्या आसपास मुले हाच त्यांचा संसार झाला.

या संसाराची खरी गृहिणी म्हणजे स्टेफानिया विल्चिन्स्का. मुले त्यांना स्टेफाबाई म्हणत असे मानले तर आपल्या मनापुढे त्यांचे चित्र नीट उभे राहील. त्यांचा जन्म १८८६ सालचा. परदेशात निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून आलेल्या या विदुषी पहाटेपासून रात्रीपर्यंत कामात असत. कोणाच्या सदऱ्याचे बटण तुटले आहे, कोणाला खोकला झाला आहे, कोण आज जेवताना गप्प होते, हे सारे त्यांच्या ध्यानात असे. कोर्चाक यांचे नाव जगात गाजले. परंतु ते युद्धावर गेले तेव्हा घर चालले ते स्टेफाबाईंच्या बळावर. प्रसिद्धीपासून दूर राहून संस्था उभी ठेवणाऱ्या अशा स्त्रिया आपल्याही मंडळांतून दिसतात.

त्या घराची व्यवस्था मोठी नवलाची होती. झाडणे, पुसणे, भांडी घासणे, लहानांना मदत करणे ही कामे मुले आपसांत वाटून घेत. नव्याने आलेल्या मुलावर पहिले तीन महिने एक मोठे मूल पालक म्हणून नेमलेले असे. मुलांनी निवडलेली एक सभा होती. पत्रांची एक पेटी होती; ज्याला तोंडाने सांगायला संकोच वाटेल त्याने आपले म्हणणे लिहून तीत टाकावे. भांडखोर मुलाला शिक्षा न देता कोर्चाक त्याच्याशी पैज लावीत. गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात मारामाऱ्या कमी झाल्या, तर मुलाला बक्षीस म्हणून खाऊ मिळे. पडलेले दुधाचे दात ते मुलांकडून पैसे देऊन विकत घेत.

सर्वांत महत्त्वाचे होते मुलांचे न्यायालय. त्या आठवड्यात ज्यांच्यावर फिर्याद नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. कायद्याची कलमे कोर्चाक यांनी स्वतः लिहिली होती आणि त्यांतील बहुतेक क्षमेची होती. न कळत केले, रागाच्या भरात केले, पुन्हा करणार नाही, अशा कारणांसाठी क्षमा करणारी कलमे पुष्कळ; कडक कलमे अगदी शेवटी आणि थोडी. या न्यायालयापुढे मूल शिक्षकालाही खेचू शकत असे. सहा महिन्यांत कोर्चाक स्वतः पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले. एकदा एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा नाहक संशय घेतला म्हणून. मुलांनी त्यांना क्षमा केली. आपल्या चुकीचा जाब लहान मुलापुढे द्यावा लागतो, हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे त्याचा हात सहसा उगारत नाही. दुबळ्यावर सत्ता गाजविणे फार सोपे असते, म्हणून सत्ता ज्याच्या हाती आहे त्यालाच आधी बांधून घ्यावे, असा यामागील विचार होता.

पहिल्या महायुद्धात कोर्चाक पुन्हा लष्करी डॉक्टर झाले. छावण्यांतून आणि इस्पितळांतून फिरत असताना, तोफांच्या आवाजात, त्यांनी मुलांवर प्रेम कसे करावे या विषयावरील आपला मोठा ग्रंथ लिहिला. तान्ह्या बाळापासून त्याची सुरुवात होते. आईला ते तयार उत्तरे देत नाहीत. कोणतेही पुस्तक आईच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, तिने आपल्या बाळाकडे पाहावे, विचार करावा आणि स्वतः ठरवावे, असे त्यांचे सांगणे आहे. युद्ध संपल्यावर १९१९ साली मारिना फाल्स्का या बाईंनी पोलिश कामकऱ्यांच्या अनाथ मुलांसाठी एक घर काढले, त्यालाही कोर्चाक यांनी हातभार लावला. १९२३ साली त्यांची राजा मॅट या बालराजाची कादंबरी निघाली. ती पोलंडमधील घराघरांत गेली.

आता आपण त्यांच्या शिक्षकांच्या शिक्षणाकडे येऊ. १९२३ च्या सुमारास अनाथगृहातच तरुण शिक्षक-शिक्षिकांसाठी एक वसतिगृह सुरू झाले. त्याला बुर्सा म्हणत. मुलांमध्ये काम करू इच्छिणाऱ्या ज्यू तरुण-तरुणींना येथे राहायला जागा आणि जेवण मिळे. त्याच्या मोबदल्यात त्यांनी दिवसाचे काही तास मुलांसाठी काम करायचे, आणि उरलेल्या वेळात आपले शिक्षण चालू ठेवायचे. त्यांत काही जण याच अनाथगृहात लहानाचे मोठे झालेले होते.

येथे शिकविण्याची रीत अशी होती. प्रत्येकाने एक वही ठेवायची. दिवसभरात काय पाहिले, कोणत्या मुलाचे वागणे समजले नाही, आपले कोठे चुकले, हे रात्री तीत लिहायचे. स्टेफाबाई या वह्या वाचीत आणि समासात आपले उत्तर किंवा उलट प्रश्न लिहीत. आठवड्यातून एकदा सर्वांची बैठक भरे आणि कोर्चाक वह्यांतील प्रश्नांवर बोलत. मूल हट्टी आहे असे कोणी लिहिले तर तेवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. केव्हा हट्ट केला, त्या आधी काय घडले, त्या दिवशी त्याची झोप झाली होती का, वजन किती भरले, हे त्यांना हवे असे. डॉक्टर ज्याप्रमाणे रोग्याची लक्षणे टिपून मग निदान करतो, त्याप्रमाणे शिक्षकाने आधी पाहावे आणि नंतर बोलावे, ही शिस्त त्यांनी लावली. येथे तयार झालेली माणसे पुढे ज्यू मुलांच्या निरनिराळ्या संस्थांत कामाला गेली. काही पॅलेस्टाइनमधील सामुदायिक वसाहतींत पोहोचली. १९३४ आणि १९३६ साली कोर्चाक स्वतः तेथे जाऊन आले.

वॉर्सात मारिया ग्झेगोझेव्स्का या विदुषींनी १९२२ साली शिक्षकांसाठी विशेष शिक्षणाची संस्था स्थापन केली होती. तेथेही कोर्चाक व्याख्याने देत. त्यांच्या एका व्याख्यानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना त्यांनी वर्गाऐवजी क्ष-किरणांच्या खोलीत बोलाविले. ते एका लहान मुलाचा हात धरून आत आले. अंधार केला, मुलाला यंत्रामागे उभे केले, आणि पडद्यावर त्या भेदरलेल्या मुलाचे हृदय धडधडताना सर्वांना दिसले. मुलावर रागावण्याची, हात उचलण्याची वेळ येईल तेव्हा हे हृदय आठवा, एवढेच सांगून त्यांनी व्याख्यान संपविले. ज्यांनी ते पाहिले त्यांना दुसरे काही सांगण्याची गरजच उरली नाही.

१९२६ साली त्यांनी मुलांनी लिहिलेले एक साप्ताहिक काढले. ते एका ज्यू दैनिकाची पुरवणी म्हणून दर शुक्रवारी निघे आणि युद्ध सुरू होईपर्यंत चालले. १९३४ पासून ते आकाशवाणीवरून बोलू लागले. म्हातारे डॉक्टर या नावाने ते बोलत, कारण ज्यू माणसाचे नाव जाहीर करणे अधिकाऱ्यांना परवडणारे नव्हते. लाखो घरांत ज्यांचे बोलणे आवडीने ऐकले जाई, त्यांना दोन वर्षांत तेथूनही दूर करण्यात आले. देशात ज्यूद्वेष वाढत होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. स्टेफाबाई त्या आधी पॅलेस्टाइनला गेल्या होत्या, परंतु त्याच वर्षी युद्धापूर्वी त्या मुलांकडे परत आल्या. १९४० च्या अखेरीस वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडण्यात आले. अनाथगृहालाही आपली वास्तू सोडून त्या कोंडवाड्यात जावे लागले. मुलांसाठी आणलेले बटाटे जर्मनांनी हिसकावले म्हणून कोर्चाक तक्रार करायला गेले आणि तुरुंगात पडले. सुटून आल्यावर, साठी उलटलेला हा आजारी माणूस मुलांच्या अन्नासाठी दारोदार फिरू लागला. मुलांची संख्या दोनशेवर गेली. बाहेर रस्त्यावर माणसे भुकेने मरत होती. आत वर्ग भरत होते, वजने घेतली जात होती, न्यायालय बसत होते.

त्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत. त्यांतील एक नोंद आपण गृहिणींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. जेवणानंतर मुलांची ताटे ते स्वतः उचलीत. एवढ्या मोठ्या माणसाने हे का करावे, असे लोकांना वाटे. त्यांचे कारण असे होते की, ताटे उचलताना तडा गेलेली बशी दिसते, वाकलेला चमचा दिसतो, कोण कोणाशेजारी बसून काय बोलतो ते कळते. शिवाय कोणतेही काम हलके नाही, हे सांगण्यापेक्षा करून दाखविलेले बरे. मृत्यू दारात उभा असतानाही त्यांच्यातला शिक्षक पाहायचे आणि शिकायचे थांबला नव्हता.

१८ जुलै १९४२ रोजी त्या घरातील मुलांनी एक नाटक केले. ते होते आपल्या रवींद्रनाथांचे डाकघर. आजारी अमल घरात कोंडलेला आहे, खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो आहे आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो आहे. भिंतीआड कोंडलेल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटली नसणार. मरणाकडे मुलांनी शांतपणे पाहायला शिकावे, म्हणून हे नाटक निवडले, असे कोर्चाक यांनी म्हटल्याचे सांगतात. बंगालमधील कवीचे शब्द हजारो मैलांवरच्या त्या मुलांच्या उपयोगी पडले.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, ज्यूंना गाड्यांत भरून ट्रेब्लिंका येथील मृत्यूच्या छावणीकडे नेण्यास सुरुवात झाली. कोर्चाक यांना वाचविण्यासाठी पोलिश मित्रांनी भिंतीबाहेर लपण्याची सोय करण्याची तयारी दाखविली होती. त्यांनी ती नाकारली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथगृहाची पाळी आली. सुमारे दोनशे मुले रांगेने रस्त्यातून चालत स्टेशनकडे निघाली. बरोबर कोर्चाक होते, स्टेफाबाई होत्या आणि घरातील इतर शिक्षकही होते. त्यांतील कोणीही परत आले नाही.

लोक कोर्चाक यांचे हे मरण आठवतात आणि त्यांना हुतात्मा म्हणतात. ते योग्यच आहे. परंतु त्या शेवटच्या दिवशी ते काही वेगळे वागले नाहीत. मुलाला अंधाराची भीती वाटते तेव्हा त्याचा हात धरावा, हे जे ते तीस वर्षे शिकवीत होते तेच त्यांनी केले. आणि त्यांच्या बरोबर गेलेल्या शिक्षक-शिक्षिकांनीही तेच केले. त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत.

ट्रेब्लिंका येथे आज हजारो दगडांचे स्मारक आहे. ते दगड नष्ट झालेल्या गावांच्या आणि वस्त्यांच्या आठवणीचे आहेत. त्यांत एका व्यक्तीचे नाव असलेला दगड एकच आहे. त्यावर यानुश कोर्चाक हे नाव आहे, आणि त्यांच्याबरोबर मुलांचा उल्लेख आहे. १९७८ साली पोलंडने बालहक्कांच्या कराराची सूचना मांडली. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी तो करार मान्य केला आणि १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. मुलांना मान मिळण्याचा हक्क आहे, असे कोर्चाक यांनी १९२९ सालीच एका छोट्या पुस्तकात मांडले होते.

मुलांसाठी काम करायचे तर काम करणारी माणसे आधी तयार करावी लागतात, हे आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनीही ओळखले. १९४५ साली बोर्डीला जाऊन त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी काम उभारले, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. त्यासाठी लागणाऱ्या बाईही त्यांनीच घडविल्या. ताराबाई आणि कोर्चाक एकमेकांना ओळखत नव्हते. पण दोघांनीही मुलांकडे पाहून शिकण्याचा रस्ता धरला.

महिला मंडळाच्या बालवाडीला रंगीत तक्ते हवेत, खेळणी हवीत, चांगली जागा हवी, हे सगळे खरे. या वस्तूंसाठी आपण वर्गणी गोळा करतो आणि ती करायलाच हवी. परंतु एक दोन आण्यांची वही, तीत रोज लिहिण्यापुरता बाईंना वेळ, आणि आठवड्यातून एकदा त्या लिहिलेल्यावर एकत्र बसून बोलणे, एवढ्यासाठी मोठी देणगी लागत नाही. दोन आणे आता चालत नाहीत, वहीची किंमतही वाढली. पण क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या त्या घरात शिक्षक घडले ते अशाच वह्यांतून. आपल्या बालवाडीच्या कपाटात अशी एक वही ठेवता आली, तर डॉ. कोर्चाक आणि स्टेफाबाई यांचे स्मरण आपण चांगल्या रीतीने केले असे होईल.